मापानं शिवलेली पिशवी

शिवणाऱ्या बाईला माप दिलं की ती फारसं विचारत नाही, कापड विश्वासावरच बेतते. अमेरिकेत लेकाकडे आलेय. आल्या आल्या तो म्हणाला, "आई, दुर्बिणीसाठी गोधडीसारखी मऊ, लांब पिशवी शिवून दे ना." मापाला सुतळी दिली. मी ह्यांचं जपून ठेवलेलं जुनं धोतर काढलं नि आठवडाभर बारीक धावदोरा घातला.

परवा चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर टेबलावर रायफल! शेजारच्या खोक्यावर कुठल्याशा दुसऱ्या देशाचं नाव नि 'सेमी-ऑटोमॅटिक' असं छापलेलं. हा तिला नवा लाकडी दस्ता बसवत होता.

"हीच का रे तुझी दुर्बीण?"

"छंद आहे गं. इथे चालतं. खरं सांगितलं असतं तर शिवली असतीस?"

"नसती."

"म्हणून तर नाही सांगितलं."

असेल बाई चालत. पण माणसाला फसवलं तर ते भांडतं तरी. हातांना फसवलं तर त्यांनी काय करावं? ते बिचारे मन लावून काम करून मोकळे झालेले असतात.

त्यानं रायफल पिशवीत सरकवली. अगदी नेमकी बसली, कुठे सुरकुती म्हणून नाही. आपण चांगलं शिवलं याचं वाईट मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.