बुरख्याला भिणारा वाघ

किस्से घरातल्या जुन्या चपलांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि एक शोधायला गेलं की चार बाहेर पडतात! माझ्याकडे तर ढीगच आहे. पेशाने मी मुलुंडच्या एका शाळेतला पीटीचा मास्तर, पण ऐंशीच्या दशकात रविवारी संध्याकाळी मी काळी पँट, पांढरा शर्ट घालून फ्रीस्टाइल कुस्त्यांचा रेफरी व्हायचो. पाठ टेकलेला गडी मी ताडपत्रीवर हात आपटून तीन मोजेपर्यंत उठला नाही, की हरला. मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, अंधेरी, जिथे मैदान मिळेल तिथे आमची रिंग लागायची.

पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो असायचा तो ‘कोकणचा वाघ’ याचा. खरं नाव बाबी. मालवणकडचा, आधी गिरणी कामगार. गिरणी बंद पडली आणि अंगापिंडाने दांडगा असल्यामुळे आमच्या चिमणशेटने त्याला उचलला. चिमणशेट म्हणजे या कुस्त्या भरवणारा माणूस.

लोक आजही विचारतात, “मास्तर, वाघाच्या गाजलेल्या कुस्त्या सांगा ना! काय मजा असेल!” मजा? अहो, मला त्यातली भीतीच आठवते. कारण पब्लिकला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. कोकणच्या वाघाएवढा भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

* * *

पहिली कुस्ती मुलुंडला. समोर बुरखाधारी ‘जल्लाद’. डोक्यावर काळा बुरखा, डोळ्यांना दोन भोकं. या बुरख्याच्या आत होता गंगाराम, बाबीच्या बायकोचा सख्खा भाऊ! वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा, मुंगीलाही वाट देणारा माणूस.

आमच्या धंद्यात एक कडक नियम होता. हिरो आणि व्हिलन एकत्र दिसता कामा नयेत. खोल्या वेगळ्या, बस वेगळी, चहासुद्धा वेगळा. एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं एका बशीतून भजी खाताना दिसली तर धंद्याची वाट लागली म्हणून समजा! कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असायचं, आणि निरोप इकडून तिकडे न्यायचं काम माझं.

कुस्तीची वेळ झाली आणि वाघ गायब! शोधला तर मंडपवाल्याच्या टेम्पोत, ताडपत्रीखाली. दातावर दात वाजत होते.

“मास्तर, तो मारील ना रे माका?”

मी कपाळावर हात मारला. “अरे, तुझा मेहुणा आहे तो! सकाळी तुझ्याच घरी चहा प्यायलात ना दोघं?”

“ता माका म्हायत हा,” बाबी म्हणाला. “पण तेवा तेच्या तोंडार बुरखो नव्हतो!”

* * *

घाटकोपरला चिमणशेटने ठरवलं, या वेळी वाघाला हरवायचं. जल्लादने वाघाच्या डोळ्यांत भुकटी टाकून फसवून जिंकायचं, म्हणजे पुढच्या रविवारी बदला बघायला डबल गर्दी! आयडिया झकास होती. फक्त पब्लिकला कुणी विचारलं नव्हतं.

मी जल्लादचा हात वर केला आणि पहिली खुर्ची रिंगमध्ये आली. मग खुर्च्यांचा पाऊसच. मी आणि बाबी धावत सुटलो आणि मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत शिरून कडी लावली. बाहेर लोक ओरडत होते, “जल्लादला बाहेर काढा!” त्यांना वाटलं, जल्लाद आत आहे. पत्रे थडाथड वाजत होते. मी कडी धरून उभा. बाबी तर माझ्याच मागे लपला होता.

मला काळजी गंगारामची. सापडला तर चिंधड्या करतील! मी पत्र्याच्या भोकातून पाहिलं. बुरखा काढून, शर्ट चढवून गंगाराम गर्दीत सगळ्यात पुढे उभा! आणि सगळ्यात मोठ्याने ओरडतोय, “सोडू नका साल्याला!” एवढ्यावर थांबला नाही. एक दगड उचलला आणि झरोक्यातून भिरकावला. तो माझ्या कपाळावर बसला. टाके पडले.

नंतर मी त्याच्यावर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, “मास्तर, सगळे मारत होते. मी एकटाच हात बांधून उभा राहिलो असतो तर ओळखलं नसतं का?”

* * *

बाबीची बुरख्याची भीती जावी म्हणून मीच उपाय काढला. रोज सकाळी गंगारामने बुरखा घालूनच सराव करायचा. पण करायचा कुठे? दोघं एकत्र दिसायला नकोत. म्हणून आम्ही आरे कॉलनीत जायचो, तबेल्यांच्या मागच्या गवतात. झाडी दाट, माणूस नाही, फक्त म्हशींचा आवाज.

एके दिवशी गंगारामने बाबीचा गळा आवळलेला, बाबी ठरल्याप्रमाणे “वाचवा, वाचवा!” ओरडतोय. आणि खरंच वाचवायला लोक आले की! तबेल्यातले आठ-दहा भय्ये, हातात लाठ्या. जंगलात बुरखेवाला माणूस खून करतोय म्हटल्यावर दुसरं काय करणार? गंगारामला खाली पाडला आणि लाठी उगारली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यातल्या एकाने बाबीला ओळखलं. “अरे, ये तो शेर है! और ये जल्लाद!” झालं! आता खरं सांगितलं तर धंदा बुडतो, नाही सांगितलं तर मेहुणा मरतो. बाबी थरथरत पुढे आला आणि त्याने हात जोडले.

“छोड दो भैया. गरीब आदमी है.”

मग एका म्हाताऱ्या भय्याने लाठी टाकली आणि बाबीच्या पायाला हात लावला. जीव घ्यायला आलेल्याला माफ करतो म्हणजे हा संतच! त्या दिवसापासून वाघाच्या प्रत्येक कुस्तीला आरेचे भय्ये पहिल्या रांगेत. गंगारामला पाहिलं की लाठी आपटायचे. गंगाराम मला म्हणायचा, “मास्तर, रिंगमध्ये वाघ काही करत नाही. पण रिंगमधून खाली कसा उतरू?”

* * *

आता कुर्ल्याची कुस्ती. ही सांगताना मला अजून घाम फुटतो.

रिंग म्हणजे काय, तर मंडपवाल्याच्या फळ्या, त्यावर गवताच्या गोण्या, त्यावर ताडपत्री. त्या दिवशी मंडपवाल्याने एका कोपऱ्यात गोणीच टाकली नव्हती. समोर पंजाबकडून आलेला एक पाहुणा पैलवान. त्याने बाबीला उचललं आणि नेमकं त्या कोपऱ्यात टाकलं. मानेवर. आवाज मी ऐकला.

पब्लिक नाचत होतं. मी वाकलो. “बाबी, बरा आहेस ना?” डोळे उघडे, ओठ हलतायत. “मास्तर, हात खंय गेले माजे?” हात तिथेच होते, छातीवर. त्याला ते जाणवत नव्हते.

थोड्या वेळाने मुंग्या आल्या आणि हात परत आले. पण डॉक्टरने एक्स-रे बघून स्वच्छ सांगितलं, “नशीब म्हणा. पुन्हा मानेवर पडलात तर मानेखालचं सगळं जाईल. मग कायमचं अंथरूण.”

“कुस्ती सोड,” मी म्हणालो. बाबी म्हणाला, “सोडतंय. मगे खाव काय?” गिरणी तर कायमची गेली होती. घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई. चिमणशेटला मानेचं कळलं असतं तर पोस्टरवरून फोटो उतरला असता. म्हणून ही गोष्ट तिघांतच राहिली, बाबी, गंगाराम आणि मी. त्यानंतर बाबी फक्त जल्लादशीच लढायचा, आणि जल्लाद त्याला कधी उचलायचा नाही. पब्लिकला वाटायचं, किती खुन्नस आहे दोघांत! गंगाराम त्याच्या मानेला तान्ह्या पोराच्या मानेसारखा हात लावायचा.

मी मात्र प्रत्येक कुस्तीला आतून मरत होतो. शिट्टी तोंडात, आणि तोंड कोरडं.

* * *

बाबीच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. मानेचं नाही, आणि बुरख्याच्या आत कोण आहे तेही नाही! रविवार सोडून कधीही गंगाराम बहिणीकडे जेवायला यायचा आणि म्हातारी त्याला प्रेमाने वाढायची. वाढता वाढता जल्लादला शिव्या.

“त्या जल्लादाचो हात मोडांदे! माज्या झिलाक मारता मेलो! घे रे गंगाराम, आणखी एक तुकडी घे.”

“हो मावशी,” म्हणून गंगाराम मान खाली घालून बांगडा खायचा.

एकदा तिने असा शाप दिला आणि त्याच आठवड्यात गंगाराम सायकलवरून पडला आणि हात मोडला! प्लॅस्टर कोपराच्या वरपर्यंत. मी हॉस्पिटलात गेलो तर त्याचा चेहरा पांढराफटक. “मास्तर, म्हातारीची जीभ काळी आहे. तिला सांगा, हात मोडला तेवढं पुरे, पुढे शाप देऊ नको म्हणावं!”

तेवढ्यात म्हातारी स्वतःच पेजेचा डबा घेऊन हजर. प्लॅस्टर बघून डोळ्यांत पाणी. “कोणाची नजर लागली रे तुका? आणि तो जल्लाद मेलो धडधाकट फिरत आसतलो!”

“नाही मावशी,” गंगाराम घाईघाईने म्हणाला. “तो पण आजारी आहे म्हणतात.”

“बरा झाला!” म्हातारी म्हणाली आणि चमच्याने त्याला पेज भरवू लागली.

* * *

आम्ही हसलो खरे, पण हसू फार टिकलं नाही. पुढच्याच रविवारी अंधेरीला वाघ विरुद्ध जल्लाद लागली होती. पोस्टर चिकटलेले, तिकिटं संपलेली.

चिमणशेट म्हणाला, “गंगाराम नाही तर नाही. बुरखा आहे ना? आत कोण आहे ते कोण बघतोय?” त्याने घाटकोपरच्या एका व्यायामशाळेतून नवा माणूस आणला होता.

बाबीने एवढंच सांगितलं, “शेट, नेहमीसारखा करा. उचलाउचली नको.” कारण सांगता येत नव्हतं. “हो रे बाबा, हो,” शेट म्हणाला, पण त्याचं अर्धं लक्ष बाहेरच्या गर्दीकडे होतं.

मला चैन पडेना. त्या नव्या माणसाला मी स्वतः सांगणार होतो. त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. शेटने दंड धरला. “मास्तर, डोकं फिरलंय का? पेपरवाले आलेत. तुम्ही व्हिलनच्या खोलीतून बाहेर पडताना दिसलात तर? निरोप मी देतो.” मी परत फिरलो.

बाबी खोलीत बसला होता. त्या दिवशी तो थरथरत नव्हता, कुठे लपला नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता. मला ते जास्त भयंकर वाटलं.

घंटा झाली. जल्लाद आला. गंगारामपेक्षा वीतभर उंच, दंड हे एवढे. पब्लिकला काही कळलं नाही. मी त्याच्या जवळ सरकून पुटपुटलो, “उचलू नकोस. कळलं ना?” पण पब्लिकचा आवाज एवढा, की माझं मलाच ऐकू आलं नाही. त्याने मान डोलावली. कशाला डोलावली देव जाणे!

कारण दुसऱ्याच मिनिटाला त्याने बाबीला उचललं. सरळ डोक्याच्या वर, दोन्ही हातांवर आडवा! अख्खं मैदान उभं राहिलं. नंतर कळलं, शेटनेच त्याला सांगितलं होतं, वाघाला वर धरलंस की पब्लिक वेडं होतं. ते वेडं झालंच.

मी धावत जाऊन त्याला चिकटलो. “खाली ठेव! हळू! मान खराब आहे त्याची!”

बुरख्याच्या भोकांतून दोन घाबरलेले डोळे माझ्याकडे बघत होते. आवाज रडवेला. “मास्तर, उचलायचं शिकलोय. खाली ठेवायचं कुणी शिकवलं नाही!”

त्याचे हात कापायला लागले. वर बाबी हलत होता, आणि त्याचं डोकं हळूहळू खालच्या बाजूला कलत होतं. मला वाटलं, संपलं. उद्या याच्या मुलींना काय सांगू? मी दोन्ही हात पसरून खाली उभा राहिलो, जसा काही मी एवढं धूड झेलणार होतो!

आणि वरून बाबीचा आवाज आला. हलकासा, अगदी घरात बोलल्यासारखा.

“नाव काय रे तुजा?”

“सु... सुरेश.”

“सुरेशा, भियाव नको. मी आसय. श्वास घे आधी. घेतलंस? आता डावो हात माज्या खांद्याखाली सरकव. अजून. बरोबर. आता उजवो गुडघो वाकव. घाई नको. लोक ओरडतत ते ओरडांदेत.”

सुरेशने गुडघा वाकवला. बाबी सांगत गेला, तो करत गेला. भरलेला हंडा उतरवावा तसा तो वाघ खाली आला. आधी कंबर, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी, सुरेशच्या तळहातावरून, डोकं ताडपत्रीला टेकलं.

सुरेशच्या पायांतला जीव गेला. तो तिथेच बाबीच्या छातीवर आडवा कोसळला आणि बुरख्याच्या आत हुंदके देऊ लागला.

पब्लिक भडकलं. “अरे, हे काय? झोपवतोय काय त्याला? खोटी आहे! नुरा आहे! ठरवून चाललंय सगळं!” पहिल्या रांगेतले भय्येसुद्धा तोंड फिरवून बसले.

ठरल्याप्रमाणे आता वाघाने जल्लादला झिडकारून उठायचं होतं आणि जिंकायचं होतं. मी वाकलो. “बाबी, ढकल त्याला. ऊठ.”

बाबी उठला नाही. त्याने एक हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं हलवून पाहिली. मग दुसरा. मग दोन्ही हात त्याने रडणाऱ्या सुरेशच्या पाठीवर ठेवले.

“मोज, मास्तरा.”

“अरे वेड्या, जिंकायचंय तुला!”

“जिंकलंय मी,” बाबी म्हणाला. “तू मोज.”

मी गुडघ्यावर बसलो, ताडपत्रीवर हात आपटला आणि मोजलं.