मधल्या बाकांच्या घरत बाई

घरत बाई वर्गात प्रश्न विचारायच्या आणि वर आलेले हात खाली घ्यायला लावायच्या. "तुला येतंय ते मला ठाव हाय, बस," असं सांगून त्या मधल्या बाकांकडे वळायच्या. तिथली मुलं माना खाली घालून बसलेली असायची. एखाद्याचं नाव घेऊन बाई थांबायच्या. तो बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, असा नियम होता.

अलिबाग तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत त्या मराठी शिकवत. माहेर उरणकडचं. वर्गात भाषा पुस्तकी, पण मनातलं बोलताना माहेरची यायची. मी तेव्हा एका दैनिकासाठी बातम्या देत असे. दहावीच्या निकालानंतर पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो घ्यायला गेलो, तेव्हा ओळख झाली. पंचावन्न टक्केवाल्यांचं पुढे काय होतं ते तुमच्या पेपरात कधी येतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

"येणार कसं? कॉलेजात जाऊन परत यायला त्यांना एक सहामाही पुरते. कुणाला कळत पण न्हाय."

या मुलांसाठी त्या शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग चालवत. खर्च मुंबईची एक संस्था करत असे. मुलं नववीत निवडायची आणि दहावी होईपर्यंत सांभाळायची. धडे कमी, सवयी जास्त. ऐकताना स्वतःच्या शब्दांत टिपणं काढायची, गाइड न उघडता एक पान वाचायचं, कळलं नाही ते उभं राहून विचारायचं. कधी बाई स्वतः कॉलेजातला कारकून व्हायच्या आणि टेबलामागून तुसडेपणाने म्हणायच्या, "बोर्डावर लावलंय, वाचा की. तुमच्यासारखे छप्पन्न येतात." मुलं हसायची. जो मागे वळला, त्याला त्या पुन्हा रांगेत उभं करायच्या.

वर्ग पुढे चालवायचा की नाही हे ठरवण्यासाठी संस्थेने दोन मूल्यमापक पाठवले. तपासणीला साहेब येणार असले की हुशार मुलं पुढे बसवायची, ही शाळांची जुनी रीत आहे. तिला कुणी लबाडी म्हणत नाही. मुख्याध्यापकांनी या वेळी अख्खा वर्गच बदलला. पहिल्या नंबरांची मुलं आणून बसवली आणि बाईंची मुलं शेजारच्या खोलीत पाठवली. बाईंनी हरकत घेतली.

"बाई, घरी पाहुणे आले की आपण चांगली चादर काढतोच ना?" मुख्याध्यापक म्हणाले.

वर्ग टिकायला हवा होता. बाई गप्प राहिल्या.

बातमीसाठी मलाही बोलावलं होतं. मूल्यमापकांपैकी एक तरुण मुलगी होती. तिने ना गणित विचारलं, ना व्याकरण. कॉलेजात एखादा विषय कळेनासा झाला तर काय कराल, एवढंच विचारलं. एकाने क्लास लावू म्हटलं. दुसरा म्हणाला, बाबांना घेऊन जाऊ. एका मुलीने, आम्हाला कळतं, असं सांगितलं. फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाई चष्मा पुसत राहिल्या.

या मुलांना वर्गाची गरज दिसत नाही आणि वर्गाने त्यांना काही शिकवल्याचंही दिसत नाही, असा अहवाल आला. बाईंनी त्या मूल्यमापक मुलीला फोन करून खरं काय ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की आता तुमच्या शाळेच्या कुठल्याच माहितीवर विसंबता येणार नाही, आधीच्या मुलांच्याही नाही. तिचं बरोबर होतं, हे बाईच मला म्हणाल्या. त्या वर्षाअखेर वर्ग बंद झाला. बाई तो बिनपैशाने चालवायला तयार होत्या. झाली तेवढी शोभा पुरे, म्हणून मुख्याध्यापकांनी खोली दिली नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या. मी अधूनमधून जायचो. बोलणं वालाच्या शेंगांवरून निघालं तरी त्या दिवसापाशी येऊन थांबायचं. "गप बसणं माझ्या स्वभावात न्हाय हो. नेमकी त्याच दिवशी बसले."

गेल्या वर्षी बाई गेल्या. आमच्या शेवटच्या भेटीत त्यांनी रेश्माबद्दल सांगितलं. शेजारच्या खोलीत पाठवलेल्यांपैकी ही एक, तेव्हा नववीत होती. दहावी झाल्यावर अलिबागला कॉमर्सला गेली आणि अकरावीतच तिचं कॉलेज सुटलं. मांडव्याच्या जेट्टीवर एका चहाच्या टपरीत बाईंना ती दिसली. तिने बसायला खुर्ची पुसून दिली. कॉलेजचं विचारल्यावर म्हणाली, हिशेबाचा एक धडा कळला नाही, विचारायचं राहिलं, मग पुढचा कळला नाही, मग जाणंच राहिलं. चहाचे पैसे तिने घेतले नाहीत. निघताना म्हणाली, "बाई, त्या दिवशी मधल्या दारातून सगळं ऐकू येत होतं. आम्हाला उत्तर येत होतं."

तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"काय म्हणणार? उत्तर येणं वेगळं, सवय लागणं वेगळं. सवयीला अजून एक वर्ष हवं होतं. ते मी तिला दिलं न्हाय."