व्यायामशाळेची तपासणी

भिंतींवर नामांतराच्या घोषणा होत्या त्या वर्षांत परभणीकडच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवत होतो. फुटबॉल संघाचा व्यायाम तपासायला विद्यापीठाकडून एक गृहस्थ आले. त्यांचा शेरा वाईट आला असता तर संघाला स्पर्धेत प्रवेश नव्हता. नाव मी विचारलं नाही. सत्काराचा हार त्यांनी गळ्यात पडायच्या आत हातात घेतला आणि खुर्चीला घातला.

प्राचार्यांनी व्यायामशाळा उघडून दाखवली. "रोज दोन तास मेहनत करून घेतो पोरांकडून."

पाहुण्यांनी वजनाच्या दांडीवरून बोट फिरवलं. दसऱ्याच्या पूजेत लावलेलं कुंकू दिवाळी होऊन गेली तरी जिथल्या तिथं होतं.

"तुमच्या पोरांच्या हाताला घाम येत न्हाई वाटतं," बोट रुमालाला पुसत ते म्हणाले.

प्राचार्य छताकडे बघू लागले. कप्तान मान खाली घालून म्हणाला, "किल्ली हापिसात असती, साहेब. आमी सुट्टीत ऊसतोडीला जातो. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रकात चढायचं. तेवढीच कसरत."

"लय झाली," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी संघाला मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या. एकही जण थांबला नाही. पाहुणेही तोवर उन्हात उभेच होते.

निघताना त्यांनी शेरा लिहून कागद माझ्या हातात दिला. सरकारी कागदावर इतकं नेमकं मराठी मी पुन्हा वाचलं नाही: "संघ दमदार आहे, प्रवेश द्यावा. यात महाविद्यालयाचा काही दोष नाही."