गाडी जागवायचे दिवस

फोन मेघाचा होता, माझ्या भाचीचा. संक्रांतीला चार-पाच दिवस असतील. मी दूध तापत ठेवलं होतं. "मामा, तुम्ही येता का? आई उठत नाहीये," एवढंच म्हणाली. आवाज इतका शांत होता की मला वाटलं, अक्काला ताप-बीप आला असेल. त्या आठवड्यात मेघा कुकटपल्लीहून आईकडे राहायला आली होती, त्यामुळे घरात कुणीतरी आहे याचाही भरवसा. मी गॅस बंद केला, स्वेटर शोधला, दोन गल्ल्या चालत गेलो. धावलो नाही. खोलीत अक्का कुशीवर झोपलेली, एक हात उशीखाली. मेघा पलंगाच्या कडेला बसून तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होती… डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. मी धावलो असतो तरी काही फरक पडला नसता, हे मला कळतं. तरी तो स्वेटर शोधल्याचं मनातून जात नाही.

माझी थोरली बहीण विमल चौऱ्याहत्तर वर्षांची होती. विद्यानगरात सगळे तिला अक्काच म्हणायचे, भाजीवालासुद्धा. आमचं गाव बीदरच्या पलीकडचं. वडिलांच्या विहिरीवर पाणी उपसायचं ऑइल इंजिन होतं आणि अकरा-बारा वर्षांची अक्का धावेवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायची, "बापू, आज डिझेलात पाणी आलंय." बापू आधी हसायचे, मग टाकी उघडून बघायचे, मग हसायचे थांबायचे. लग्न होऊन ती हैदराबादला आली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, कॉलेजात इतिहास शिकवायचे, आणि अक्का मुलींच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागली. दाजींच्या ओळखीचे एक प्राध्यापक निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा त्यांची जुनी हेरल्ड मोटार या घरी आली. दुधावरच्या सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. दाजी ती रोज पुसायचे आणि अक्का ती उघडायची. वीसेक वर्षांपूर्वी दाजी गेले. सगळे नातेवाईक म्हणाले, आता ती गाडी काढून टाक. अक्का म्हणाली, "गाडी त्यांची कधी होती? ते फक्त पुसायचे."

ज्यांनी जुन्या गाड्या सांभाळल्या नाहीत त्यांना सांगतो, अशी गाडी वर्षभर पळवायची नसते. पावसाळ्यात ती शेडमध्ये ताडपत्रीखाली राहते, दसऱ्याला हार घालून घेते आणि पुन्हा झोपते. आमच्या हैदराबादला वसंत म्हणजे जेमतेम तीन-चार आठवडे. संक्रांतीची थंडी ओसरते आणि ऊन अजून डोक्यात जात नाही, तेवढेच. त्या दिवसांसाठी अक्का गाडी तयार करायची. 'गाडी जागवायची' असा तिचा शब्द होता. दाजी गेल्यापासून मदतीला मी. मला गाड्यांचं वेड कधीच नव्हतं. मी विमा कंपनीत कागद हलवणारा माणूस, आणि शनिवार-रविवार तेलात हात घालून बसायचा मला खरं म्हणजे कंटाळा यायचा. पण नाही कसं म्हणणार? हेरल्डचं बॉनेट वेगळंच असतं. मडगार्डांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढं कलतं आणि मग पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. अक्का डाव्या चाकावर, मी उजव्या. टाकीतलं शिळं पेट्रोल काढायचं, कार्बोरेटर धुवायचा, एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलंय का बघायचं. प्लग काढून घासायचे आणि ते बाहेर असतानाच पंख्याचा पट्टा धरून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं, म्हणजे सगळीकडं तेल पोचतं. मी चुकीचा पाना दिला की ती वर न बघताच म्हणायची, "हौल्या, चाळीस वर्षं विमा विकलास, अन् बारा-तेरातला फरक कळेना." मग एका रविवारी सकाळी इंजिन खोकायचं, धूर ओकायचं आणि सुरू व्हायचं. अक्का डोळे मिटून ऐकत राहायची. पुढच्या रविवारी आम्ही नरसापूरच्या जंगलाच्या रस्त्यानं जायचो. पळस फुललेला असायचा. ती चालवायची, मी शेजारी, मेघा मागे. डबा खायचा आणि परत यायचं. एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच.

आता जे सांगायचं ते सांगायला हात जड होतोय.

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात अक्कानं घराजवळच्या वळणावर एका स्कूटरवाल्याला धक्का दिला. माणूस पडला, गुडघा सोलवटला, फार काही झालं नाही. पण तो तिच्या डाव्या बाजूनं येत होता आणि तिला तो दिसलाच नव्हता. काचबिंदूनं तिचा डावा डोळा कडेकडेनं चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिनं ते आम्हाला अर्धंच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मेघा माझ्याकडे येऊन रडली. "मामा, प्लीज, तुम्ही काहीतरी करा. मेरी तो सुनतीच नहीं. उद्या कुणी मेलं म्हणजे?" मी केलं. समोर बसून दोन वाक्यं बोलायला हवी होती, ते जमलं नाही. मी दुसरं काहीतरी केलं. गाडीत रोटर नावाचा बोटाच्या पेराएवढा एक तुकडा असतो. तो फिरत फिरत चारही प्लगांना ठिणगी वाटून देतो. अक्काच्या सुट्या भागांच्या डब्यात एक जुना रोटर पडला होता. केसासारखी बारीक चीर गेलेला, म्हणून तिनंच कधीतरी बाद केलेला. ती देवळात गेली असताना मी चांगला रोटर काढून खिशात घातला आणि चिरलेला बसवला. बघायला दोन्ही सारखेच. ती चीर दिसायला डोळे चांगले लागतात… हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर मी तो निवडला.

गाडी सुरू होईना. अक्कानं प्लग दोनदा घासले. पॉइंट बदलले, कॉइल बदलली. रिक्षा करून कोठीच्या आसपासच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चार खेपा घातल्या. मी रोज संध्याकाळी जाऊन त्याच उजव्या चाकावर बसायचो, ती मागेल तो पाना द्यायचो, आणि "राहू दे अक्का, जुनी झाली गाडी," असं म्हणायचो. ऊन तापलं तशी तिनं ताडपत्री ओढली. मला हायसं वाटलं. मेघालाही, तिला तर मी काय केलं तेही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं फोनवर म्हणालो, सुटलो बाबा.

पुढच्या वर्षी संक्रांत आली आणि गेली, अक्काचा निरोप आला नाही. मीच एके दिवशी गेलो. ती व्हरांड्यात नुसती बसली होती. बाजूला कुणाची तरी इस्त्री, कुणाचा तरी मिक्सर. गल्लीतल्या बायका अशा वस्तू तिच्याकडे आणून टाकायच्या आणि ती दुपारच्या दुपारी त्या दुरुस्त करायची. या मात्र महिनाभर तशाच पडल्या होत्या, त्यांच्यावर धूळ होती. मी म्हटलं, "हे काय, करायली नाहीस?" ती म्हणाली, "ज्याच्या त्याला परत देऊन टाक, मुरली. कुणी मिस्त्री बघंल. माझं काहीतरी चुकायलंय. गाडीचा एवढा शोध घेतला, सापडलं नाही. डोळे तर चाललेच, आता डोकं अन् हातबी चालले." आणि आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मी घरी गेलो, कपाटातून रोटर काढला आणि परत आलो. तो तिच्या उताण्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगताना मेघाचं नाव घेतलं नाही, एवढं एकच बरं केलं. अक्कानं रोटर उजव्या डोळ्याजवळ नेला. उठून शेडमध्ये गेली, मी मागं मागं. तिनं आतला काढून त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. चिरेवर नख अडकलं.

"म्हणजे माझे हात बरोबर होते," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"वर्षभर माझ्यासमोर बसून चहा पिलास तू."

"अक्का, तुला काही झालं असतं, कुणाला लागलं असतं—"

"मला दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं वाटलं का तुला? म्हणायचं होतंस. 'अक्का, चावी दे' म्हणायचं होतंस. भांडले असते, चार दिवस बोलले नसते, अन् दिली असती." मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, मी संपले. जा आता."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी कळलं की इस्त्री आणि मिक्सर दोन्ही दुरुस्त होऊन आपापल्या घरी पोचले. माझ्याशी मात्र ती बोलेना. दिवाळीला फराळाचा डबा मेघाच्या हाती आला, आत चिठ्ठी नाही, फोन नाही. आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होतो आणि मी तिच्या गल्लीतून जायचं टाळायचो. एक वर्ष खोट्यात गेलं, दुसरं अबोल्यात. तिच्याकडे शेवटची तीनच वर्षं उरली होती, त्यातली दोन मी अशी खाल्ली.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर तिचा फोन आला. "शनिवारी ये. जुने कपडे घाल." बाकी काही नाही. मी गेलो. आम्ही काम केलं, ती डाव्या चाकावर, मी उजव्या. मात्र या खेपेला ती सांगायची आणि मी करायचो. दोन शनिवार-रविवार गेले. इंजिन लागलं. मग तिनं चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली. मी म्हटलं, "अक्का, मी ही कधी चालवली नाही." ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते, बस." अडुसष्टाव्या वर्षी मी हेरल्ड शिकलो. मोकळ्या मैदानात, आजूबाजूला क्रिकेट खेळणारी पोरं हसत असताना. गिअर खरडला की अक्का दात दुखल्यासारखा चेहरा करायची. नरसापूरला गेलो तेव्हा वाटेत कुकटपल्लीला मेघाला घ्यायला थांबलो आणि मेट्रोच्या खांबांखाली, भर गर्दीत, माझ्या हातून गाडी बंद पडली. मागचे सगळे हॉर्न एकदम. अक्का शांतपणे म्हणाली, "घाई नको. त्यांना ओरडू दे. क्लच दाब. आता चावी." सुरू झाली. तिनं माझ्या गुडघ्यावर हलकी चापट मारली. दोन वर्षांत तिनं मला केलेला तो पहिला स्पर्श. जंगलात पळस होता, डबा खाल्ला, येताना ती झोपली. रोटरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. माफ केलं, असंही कधी म्हणाली नाही. मी विचारायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही.

तेराव्यानंतर मी मेघाला सगळं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "मामा, मीच तर म्हटलं होतं, काहीतरी करा." मी म्हटलं, काय करायचं ते तू सांगितलं नव्हतंस. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा हा लेख तिला मीच वाचून दाखवीन. गाडीसाठी दोन-तीन फोन येऊन गेले. पुण्याहून इकडे आलेले एक आयटीतले गृहस्थ तर फार आदबीनं बोलले. मेघा म्हणाली, तुम्ही ठरवा. मी अजून काही ठरवलेलं नाही. खरं सांगायचं तर थकलोय. पण गेल्या आठवड्यात एका सकाळी जाऊन ताडपत्री काढली. एकट्यानं काम केलं तर चारच्या जागी आठ दिवस लागतात. कंबर धरते, आणि पाना आपला आपल्यालाच घ्यावा लागतो. आज इंजिन लागलं. माझ्या कानाला ते बरं वाटलं, पण खात्री कुणाकडून करून घ्यायची?

टायर बसलेले होते, म्हणून तशीच हळूहळू पेट्रोल पंपावर नेली. तिथं हवा भरणारा यादगिरी, पन्नाशीचा असेल, गाडी बघूनच उठला. वाकून शेजारच्या सीटकडे बघितलं आणि विचारलं, "अम्मा रालेदा?" अम्मा आल्या नाहीत?

"लेदु," मी म्हणालो. तेलुगूत 'आली नाही' म्हणायलाही हा शब्द चालतो, आणि 'नाही' म्हणायलाही. यादगिरीनं पहिला अर्थ घेतला. "पुढच्या वेळी घेऊन या," म्हणाला आणि नळी ओढून कामाला लागला. मी दुरुस्त केलं नाही. किती हवा भरायची, त्यानं विचारलं नाही. पुढं बावीस, मागं सव्वीस, स्वतःशीच पुटपुटत भरत गेला. मला हे आकडे ठाऊक नव्हते. हवा भरायला अक्का नेहमी एकटीच यायची आणि गेल्या वर्षी मी स्टिअरिंग धरूनच इतका घाबरलो होतो की माझं लक्षच नव्हतं. मी खाली उतरून विचारलं, पुढं कमी अन् मागं जास्त कशाला? यादगिरी हसला. "नाकु तेलीदु, सार. मला काय माहीत? अम्मांनी सांगितलंय, त्यात बदल करायचा नाही."

मी खिशातला कागद काढला, दोन्ही आकडे लिहून घेतले, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. खरडला नाही.