अकोल्यात बाद झालो तेव्हा

बाबा चांदूर बाजारच्या बँड पार्टीत ट्रम्पेट फुंकायचे. लग्नसराई संपली की ट्रम्पेट खुंटीला आणि बाबा हमालीला. आई निंदायला जायची. आषाढ लागला की घरातलं वरण रोज थोडं पातळ होत जायचं. मीही वरातीत साइड ड्रम वाजवायचो. बाबांचं एकच म्हणणं, "पयले कॉलेज पुरं कर. मंग काय वाजवाचं ते वाजव." अमरावतीत बी.ए. झालो. घराण्यातला पहिला. हे मी कोणालाही सांगतो, न विचारता.

कॉलेजातच आम्हा चौघांचा रॉक बँड जमला, ड्रमवर मी. आता मुलाखतीत विचारतात, बँडच्या वाटचालीतले टप्पे सांगा. मी अकोल्याची स्पर्धा सांगतो. तिथं आम्ही बाद झालो होतो.

गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली होती. "अकोल्यात नंबर आला तर राहतो, नाही तर चाललो," असं त्यानं बसमध्येच सांगून टाकलं. त्याच्याशिवाय बँड कसला? माझे हात सीटच्या दांडीवर वाजतच राहिले.

गाणं नीट चाललं होतं. शेवट आला आणि पुढच्या रांगेतला एक ढेरपोट्या माणूस दातांत रुमाल धरून नाचायला उठला. वरातीत नवरदेवाचा मामा नाचत असला की बँड थांबवायचा नसतो. थांबवला तर भांडणं होतात. माझे हात थांबलेच नाहीत. वेळ संपल्याची घंटा झाली, परत झाली. बाकीचे तिघं माझ्याकडे बघत, शिव्या देत वाजवत राहिले. अर्धा हॉल नाचायला उठला. परीक्षकांनी आमचं नाव खोडलं.

नंतर जठारपेठेत चहाच्या टपरीवर बसलो.

"घंटी ऐकू नाही आली तुले?" गिटारवाल्यानं विचारलं.

"आली."

"मंग काहून नाही थांबला बे?"

"तो माणूस नाचून राहिला होता."

"त्याच्या भाच्याचं लगन होतं काय तिथं?"

बेसवाल्याला हसताना ठसका लागला. गिटारवाला हसला नाही. त्याचा पाय हलत होता, माझी बोटं बाकावर. "बंद कर बे ते," तो म्हणाला. दुसरा चहा मागवला, तो गार होऊ दिला. मग खाली बघतच बोलला, "पण घंटीनंतर जे वाजवलं ना, तेवढंच आपलं होतं. त्याच्या आधी आपण दुसऱ्याइची नक्कल करून राहिलो होतो."

पुण्याला तो गेला नाही. सगळी गाणी आम्ही पुन्हा बांधली, शेवट मोकळा सोडून. लोक नाचतील तोवर वाजवायचं. घरी मी ताटावर ठेका धरायचो, आई ताट ओढून घ्यायची. झोप लागायची नाही.

पहिला अल्बम अमरावतीत, लोकांसमोर वाजवूनच रेकॉर्ड केला. तो चालला. आज आम्ही चौघंही बँडवरच पोट भरतो.