जर्मनबाबूंची खिडकी

जर्मनबाबूंच्या तोंडून टीबी हा शब्द मी चार वर्षं ऐकला नव्हता. पांढुर्ण्याच्या आमच्या दवाखान्यात ते खिडकीत बसून पर्च्या मोठ्यानं वाचत रजिस्टरात चढवत. मी झाडलोट करायची आणि डॉक्टरांच्या खोलीतल्या पर्च्या त्यांच्याकडे न्यायची. टीबीच्या रोग्याच्या पर्चीवर डॉक्टर रोगाचं नाव लिहीत नसत. तो जंतू ज्या जर्मन डॉक्टरनं शोधला त्याचं आडनाव लिहीत. रोग्यानं हाय खाऊ नये, घरच्यांनी त्याला वेगळं काढू नये, म्हणून.

बाकीचे ते नाव ‘कॉक’ असं म्हणत. बाबूंना ते सहन व्हायचं नाही. “कॉक नाही, कॉख. घशातून काढा. त्याच्या मायनं हाक मारली असन तसं म्हना!” आणि घशात माशाचा काटा अडकल्यासारखा आवाज काढून दाखवत. अशी सगळी नावं त्यांनी एका वहीत मराठीत लिहून ठेवली होती. लहान पोरांच्या मूत्रपिंडातल्या गाठीचं एक होतं, विल्म्स. ते मात्र हळूच म्हणत.

मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नव्हतं. बाबूंनी मला कॉखचं पहिलं अक्षर, इंग्रजी ‘के’, ओळखायला शिकवलं. “भिंतीले टेकून उभा मानूस पाहा. एक हात वर, एक पाय पुढं. हा दिसला की तोंडाले पदर लावा.” तेव्हापासून पर्ची हातात घ्यायचीच भीती वाटू लागली. बाकावर बसलेल्या माणसाआधी मला कळायचं. त्याच्याकडे बघणं व्हायचं नाही.

एकदा तिगावहून एक मजूर आला. त्याच्या बायकोनं खिडकीत विचारलं, “बाबूजी, कॉख म्हंजे काय जी?”

“जर्मन मानसाचं नाव हाय.”

“मंग ठीक हाय. मी तं टीबीच समजून राहिली होती.” ती हसत गेली.

दोन महिन्यांत त्या माणसाला बरं वाटलं, तशा त्यानं गोळ्या सोडल्या आणि संत्र्याच्या तोडणीला गेला. पुढच्या वर्षी बायको एकटीच आली. उरलेल्या गोळ्यांची पुरचुंडी तिनं खिडकीत ठेवली. “कोनाच्या तरी कामी येतीन,” म्हणाली. त्या दिवशी बाबूंनी एकही पर्ची मोठ्यानं वाचली नाही.

मग मला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला, पर्ची लिहिली आणि “बाबूंकडे द्या” एवढंच म्हणाले. पर्चीवर तो माणूस भिंतीला टेकून उभा होता.

सासू मला सौंसरला माहेरी धाडेल आणि दोन्ही पोरी ठेवून घेईल, हे मला ठाऊक होतं. मी पर्ची पोलक्यात खुपसली आणि नळावर बाटल्या धुवायला बसले. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी बाबू खिडकी सोडून नळावर आले.

“बाई, पर्ची द्या.”

“कोनती जी?”

“तुमची. इतके दिस खोकून राहिल्या तुमी. मी काय बहिरा हाय?”

घामानं ओली झालेली पर्ची मी काढून दिली. आता ते घशातून ते नाव काढतील म्हणून मी मान खाली घातली.

“टीबी झाला तुमाले,” ते म्हणाले. “दीड वर्ष औषध लागते. एक दिवस चुकलं तं मी घरी येईन.”

“हळू बोला ना बाबूजी.”

“हळू बोलूनच तिगाववाला गेला.”

संध्याकाळी ते खरंच घरी आले आणि सासूलाही तसंच सांगितलं. तिनं दोन्ही पोरींना ओढून जवळ घेतलं. “हिले आजच माहेरी नेऊन घाला,” म्हणाली.

“माहेरी हिच्या गोळ्या कोन पाहीन? पोरींची माय पाहिजे का नाही?” असं म्हणून बाबूंनी माझ्या उशाचा लोटा उचलला, मी अर्धा पिऊन ठेवलेला, आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायले. मला पडवीत खाट मिळाली, पण घर सुटलं नाही.

मी बरी झाले त्याच साली बाबूंची बदली झाली. पुढे ते गेल्याचं कानावर आलं. त्यांचा चेहरा आता नीट आठवत नाही. तो लोटा तोंडाला लावताना त्यांचा हात थरथरत होता. सासूला ते दिसलं नाही. मला दिसलं.