बाळाचा चार्ज

उभ्या सिल्वासात पोटच्या पोराचा ताबा सही घेऊन स्वीकारणारा बाप एकच आहे, आणि तो डोकमर्डीत आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. मूळचा धुळ्याकडचा, खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. पाळी बदलताना आधीच्या माणसाकडून मशिनांचा चार्ज वहीत लिहून घ्यायचा, ही कारखान्याची रीत त्याने घरात आणली. बाळ झाल्यापासून दारामागच्या खिळ्याला वही टांगलेली आहे. "पेज अर्धी वाटी. शी झाली. ढेकर बाकी," असं लिहून बायकोने सही केल्याशिवाय हा गृहस्थ बाळाला हात लावत नाही. एकदा पेन सापडेना, तर बाळ रडतंय आणि हा हात मागे बांधून उभा!

खरं दुखणं वेगळंच होतं. वर्षभर त्याला रात्रपाळीच आहे. सकाळी घरी यायचं, जेवायचं आणि हॉलमध्ये पंख्याखाली जे आडवं व्हायचं, ते संध्याकाळी डबा भरायच्या वेळेलाच उठायचं. जागेपणीच्या त्या तासाभरात त्याने बाळ उचललं, की नऊ महिन्यांचं ते पोर असा टाहो फोडायचं की खालून मी धावत वर जायचो. माझ्याशी तो एरवी, मी शाळामास्तर म्हणून, ठेवणीतलं मराठी बोलतो. एकदा मात्र जिन्यात थांबवून म्हणाला, "सर, मना पोऱ्या माले वळखत नही."

त्यावर त्यानेच तोडगा काढला. रजा टाकून दोन दिवस दुधनीला, धरणाच्या पाण्याकाठी तंबूत राहायचं. "घरात तो आईमागे लपतो, सर. तंबूत लपणार कुठे?" मग तालीम सुरू झाली. बाळ आठ किलोचं, म्हणून आठ किलो गव्हाचं पीठ झोळीत घालून, झोळी छातीशी बांधून, तो गच्चीवर फेऱ्या मारायचा. तंबू उभारून त्यावर टेबलफॅनचा वारा सोडून पाहिला. सामानाची यादी तीन पानी झाली. गाडी माझी असल्यामुळे त्यात मीही होतो: "सर, नग एक."

दुधनीला पोचल्या पोचल्या त्याने सही घेऊन चार्ज घेतला आणि बाळाने सूर लावला. याने खुळखुळा वाजवला, होड्या दाखवल्या, म्हशीसारखा हंबरला. शेवटी काठावर जाळं सोडवत बसलेला म्हातारा म्हणाला, "भाई, छोकराने एनी माने आपी दो." त्याने निमूटपणे बाळ आईकडे दिलं.

दुपारी जेवण झाल्यावर तो तंबूत चादरीवर आडवा झाला आणि डोळे मिटले. तोच बाळ आईच्या मांडीवरून उतरलं, रांगत त्याच्यापाशी गेलं, पोटावर चढलं, मिशी ओढली आणि छातीवर गाल टेकून अंगठा चोखत पडलं.

"रोज दुपारी असंच करतो की," त्याची बायको हळूच म्हणाली. "मला वाटलं, यांना ठाऊक आहे."

त्या पोराला बाप चांगला ओळखीचा होता, फक्त झोपलेला.

तो जागाच होता, पण डोळे उघडायचा त्याला धीर होत नव्हता. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"सर," ओठ न हलवता तो म्हणाला, "गेला का?"

"नाही."

"मग कोणी काही बोलू नका."



दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी त्याने मला वही दाखवली. "दुपारी अडीच. बाळाने चार्ज घेतला." खाली सहीच्या जागी पेजेने माखलेला इवलासा अंगठा उठवला होता. मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली. माझा मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो. त्याने मला पहिल्यांदा कधी ओळखलं, ते सिल्वासा येईपर्यंत मी आठवत होतो. मी वही ठेवली नव्हती.